नवव्या दिवसाची फुलं

१

कोंडाण्याच्या वरच्या वाडीखाली ढोलीचा आंबा आहे. त्याला कुणीतरी विष घातलं, आणि त्या वेळी आंब्याच्या पोटात एक जीव कोंडलेला होता.

तो जीव म्हणजे राखी धनेशाची मादी. मार्च लागला की ही बाई ढोलीत शिरते, चिखल आणि विष्ठा कालवून आतूनच तोंड लिंपून घेते आणि चोच मावेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, त्यामुळे पुढे कित्येक आठवडे तिला उडता येत नाही. नर त्या फटीतून उंबरं, किडे भरवत राहतो आणि त्यावर ती आणि तिची पिल्लं जगतात. आपण होऊन कोंडून घेणारा एवढा विश्वासू प्राणी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मी भाग्यश्री ओव्हाळ, कर्जत तालुक्यातली कृषी सहाय्यक. गुन्हेगार पकडणं माझ्या कामात बसत नाही. भाताच्या नुकसानीचे पंचनामे करायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. पण अठ्ठावीस मार्चला सकाळी ऋषिकेशचा फोन आला.

"मॅडम, लगेच या. आंब्याला विष घालणारा सापडलाय. फक्त पंचनाम्यावर तुमची सही हवी."

हा ऋषिकेश कॉफीच्या मळ्याचा व्यवस्थापक. पाच वर्षांपूर्वी एका संस्थेनं इथल्या उतारावर कॉफी लावली, तीही एकही झाड न तोडता, जंगलाच्या सावलीत. झाडं राहतील, पाखरं राहतील आणि वाडीतल्या ठाकरांना पिकाचा वाटा मिळेल, असा बेत होता. जमीन संस्थेची, राबायचं वाडीनं, आणि घरटी वीस वर्षांचा करार. या योजनेसाठी मी स्वतः दारोदार फिरले होते. त्यामुळे मी तशीच स्कूटर चढावर घातली.

ऋषिकेश फाटकात उभाच होता. माणूस पुण्याचा, वय तिशीचं, शर्टाला इस्त्री. गेल्या जुलैत रुजू झाला, पण बोलतो असा की कॉफीचा शोध यानंच लावला. मला आत घेतलं आणि फाटकाला कुलूप घातलं.

"चार वाजता वनखात्याची गाडी येतेय. तोवर कुणी आत-बाहेर नाही."

"म्हणजे मीही कोंडले गेले का?"

"सही करा आणि मोकळ्या व्हा," तो हसून म्हणाला. मला ते हसू आवडलं नाही.

आंब्याभोवती पन्नास पावलांवर लाल फीत बांधलेली होती. ज्या ढोलीत मादी बसते तिथे फेब्रुवारीपासून जूनपर्यंत त्या वर्तुळात पाणी, फवारणी, माणूस, सगळं बंद. हा संस्थेचा नियम. बुंध्याशी पहारीनं पाडलेली पाच भोकं दिसली. तणनाशकाचा उग्र वास अजून येत होता. झाडाच्या पूर्वेकडच्या फांद्या मान टाकून बसल्या होत्या, खाली बारक्या कैऱ्यांचा सडा पडला होता. पश्चिमेची बाजू मात्र हिरवी होती.

आणि वर्तुळातली कॉफी फुलली होती. फांदीफांदीवर पांढरी फुलं, मोगऱ्यासारखा वास, मधमाश्यांचा नुसता कल्लोळ. फितीबाहेरच्या मळ्यात एक फूल नाही, सगळ्या कळ्या मुठी आवळून बसलेल्या.

"बघा मॅडम, माणूस नसला की निसर्ग कसा फुलतो!" ऋषिकेश म्हणाला.

माझं लक्ष भोकांकडे होतं. मी मान डोलावली. त्याची आजही मला लाज वाटते.

"कोण सापडलाय म्हणालात?"

"बुधाजी."

माझा विश्वासच बसेना. ही ढोली दोन वर्षांपूर्वी मला हात धरून दाखवली होती ती बुधाजीनंच.

२

कॉफी साठवायचं गोदाम म्हणजे विटांच्या चार भिंती, वर पत्रा आणि वीतभर रुंदीची एक गजाची खिडकी. अकरा वाजताच पत्रा तापला होता. त्यात बुधाजीला कोंडलं होतं.

"माणसाला कोंडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" मी विचारलं.

"मी नाही कोंडलं. डबा दाखवल्यावर तो आपल्या पायांनी आत गेला. मी फक्त कडी लावली."

डबा त्यानं टेबलावर ठेवला होता. तणनाशकाचा, पाच लिटरचा, रिकामा. आज सकाळी गोदामात बुधाजीच्या पोत्यांखाली सापडला होता. शिवाय परवा, म्हणजे सव्वीस तारखेला, बुधाजी हाच डबा घेऊन वर्तुळातून बाहेर येताना ऋषिकेशनं स्वतः पाहिला होता.

"कलम सात," त्यानं कराराची प्रत उघडून वाचलं, "घरट्याच्या झाडाला करारधारकानं किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणी इजा केल्यास करार त्याच दिवशी संपेल." मग मान वर करून म्हणाला, "पाच वर्षांची मेहनत, पुढची पंधरा वर्षं, सगळं जाईल त्याचं. वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

वाईट वाटल्याचं त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही. मी ती प्रत त्याच्या हातातून घेतली आणि पिशवीत टाकली. सही मागणाऱ्याचा कागद आधी सगळा वाचावा, ही माझ्या वडिलांची शिकवण. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढलं त्यांनी, पण न वाचता कुठे अंगठा सोडाच, सहीसुद्धा केली नाही.

मी खिडकीशी गेले. आत बुधाजी उकिडवा बसला होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला पंचा.

"बुधाजीदादा, डबा तुमच्या हातात होता?"

"व्हता."

"विष तुम्ही ओतलंत?"

त्याच्या हातात केतकीच्या वाखाची दोरी होती आणि बोटं तिच्यावर फिरत होती. दिवस मोजायची ही त्याची पद्धत मला माहीत होती. भात पेरलं, पाणी दिलं, गाय गाभण राहिली, की दिवसाला एक गाठ. पण आज काय मोजत होता हा? कोंडून चार तास झाले नव्हते आणि दोरीला गाठी तर बऱ्याच दिसत होत्या. मी बघतेय म्हटल्यावर त्यानं मूठ मिटली.

"ताई, सही करा तुमी. उगी उन्हाचं थांबू नका."

"अहो, सही केली तर जमीन जाईल तुमची!"

"जाऊ दे."

ज्या माणसानं कॉफीचं एकेक रोप ओंजळीत धरून लावलं तो 'जाऊ दे' म्हणतो, हे ऐकून मला राग आला. त्याचा की ऋषिकेशचा, ते कळेना.

तेवढ्यात येसूबाई, त्याची बायको, फडक्यात भाकरी घेऊन आली. तिनं गजांतून भाकरी पुढे केली. त्यानं घेतली, खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवली, खाल्ली नाही.

"खावा की वो," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. "बाई, काय सही करायची ती करा नि जावा. हितं थांबू नका."

नवऱ्यावर आळ आलेली बाई माझ्या पाया पडली असती, रडली असती, मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण नवरा-बायको दोघंही मला घाईनं वाटेला लावत होते. स्वतःचंच घर बुडवायची एवढी घाई यांना का झाली होती?

३

चार वाजायला साडेचार तास होते. फाटकाला कुलूप होतं, दोन्ही अंगाला डोंगर होते, वाऱ्याची झुळूक नव्हती. मी ठरवलं, कोंडलेच आहे तर विचारपूस तरी करू.

पहिला वाल्मिक. मळ्याखालच्या जमिनीचा मालक, भाताची खाचरं मोडून आता फार्महाऊसचे प्लॉट पाडतो. ढोलीचा आंबा नेमका त्याला हव्या असलेल्या रस्त्याच्या तोंडाशी उभा. पाण्याचा टँकरही त्याचाच. आंबा मेला तर पहिला फायदा याचा, म्हणून माझा पहिला संशयही याच्यावर. तो कुंपणापलीकडून बोलला.

"आंबा गेला तर रस्ता सरळ व्हईल, नाय म्हनत नाय मी. पण ओव्हाळबाई, माझं पत्रक बघितलं काय?" त्यानं खिशातून रंगीत कागद काढला. वर मोठ्ठ्या चोचीचा धनेश. "पक्षी शेजारी, अशी जाहिरात हाय माझी. ती पक्षीण मेली तर गिऱ्हाईकाला दाखवू काय, टँकर?"

माणूस लबाड, पण हे खरं बोलत होता. त्याला धनेशाचं प्रेम नव्हतं, गरज होती. ती जास्त टिकते.

दुसरी सुप्रिया. पक्ष्यांचा अभ्यास करणारी, पंचविशीची, मळ्यातल्या खोलीत राहते. ढोलीच्या फटीवर तिचा कॅमेरा लावलेला असतो. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते.

"कॅमेऱ्यात फक्त फट दिसते, ताई. खाली कोण आलं-गेलं ते नाही दिसत." तिनं वही उघडली. नर किती वेळा भरवून गेला त्याच्या रेघा. रोज अठरा, वीस, बावीस. "कालसुद्धा वीस. म्हणजे ती आत जिवंत आहे, चोच बाहेर येते."

मी पानं मागे उलटली. एका दिवशी फक्त अकरा रेघा होत्या.

"हे काय?"

"एकोणीस तारीख. दुपारी दोन ते सहा तो फिरकलाच नाही. मला वाटलं, ससाणा वगैरे आला असेल. पण विष तर परवा घातलं ना?"

"असं ऋषिकेश म्हणतात," मी म्हणाले आणि तारीख हातावर लिहून ठेवली.

तिसरा नामा, बुधाजीचा धाकटा भाऊ. आठवड्यातले चार दिवस रसायनीला एका गोदामात हमाली करतो, तीन दिवस वाडीत. करार बुधाजीच्या नावावर, पण झाडं दोघांनी वाटून घेतलेली. मला तो सापडला फितीशी, पाठमोरा बसलेला. भावाला कोंडलं होतं तिकडे, आणि हा इथे आंब्याकडे बघत बसला होता.

"तुझी झाडं कुठली रं, नामा?"

त्यानं हनुवटीनं वर्तुळ दाखवलं. "फितीतली साठ. समदीच म्हना की."

"म्हणजे तुला पाच महिने आत जाता येत नाही?"

"दोन वर्सं झाली. पक्षीण कोंडून घेते, तिच्यासंगं माझी झाडं बी कोंडते. ऐन पाण्याच्या टायमाला आत पाय ठिवायचा नाय. दादाच्या झाडांना पोतीच्या पोती बोंडं, नि माझ्या झाडांना निस्ती पानं."

"मग राग नाही आला?"

"कुनाचा? पाखराचा?" तो हसल्यासारखं करून म्हणाला. मग त्यानं फुलांकडे पाहिलं. त्याच्या नजरेत मला भीती दिसली, आणि ती फुलांकडे बघून वाटावी, याचं नवल वाटलं.

"दोन वर्सं फुलली नाय," तो पुटपुटला, "नि यंदाच बघा कशी फुललीत. पान्याबिगर."

मी उठलेच. पाण्याबिगर?

अहो, कॉफी पाण्याबिगर फुलतच नाही!

४

ही गोष्ट आमच्या भागात दोनच माणसांना पुरती ठाऊक. एक मी आणि दुसरा बुधाजी. तीन वर्षांपूर्वी आम्हाला दोघांना कर्नाटकात चिकमगळूरला शिकायला पाठवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या मळेवाल्यानं आम्हाला ओळीत उभं करून सांगितलं होतं, की कॉफीची कळी उन्हाळ्यात झोपते. भरपूर पाणी पडल्याशिवाय जागी होत नाही, आणि पाणी पडलं तरी लगेच उठत नाही. आठ-नऊ दिवस घेते. मग सगळी फुलं एका सकाळी उघडतात आणि दोन-तीन दिवसांत गळतात. म्हणून अख्ख्या मळ्याला एकाच दिवशी पाणी देतात. गेल्या वर्षी बुधाजीनं पाणी दिल्यापासून दोरीला गाठी मारल्या होत्या आणि नवव्या गाठीला मला फोन केला होता, "ताई, या, मळा पांढरा झालाय."

बाकी आमची माणसं भाताची. भाताला पाणी दिलं की ते हिरवं होतं, संपलं. पाण्याचा हिशेब नऊ दिवसांनी फुलून बाहेर येतो, हे त्यांच्या गावी नाही. ऋषिकेशच्या तर नाहीच नाही. त्यानं अजून इथला एक उन्हाळाही पाहिला नव्हता. मळ्याला पाणी एक एप्रिलला द्यायचं, असा वरून आलेला तक्ता त्यानं भिंतीला चिकटवला होता. फूल कधी येतं ते तक्त्यात नव्हतं.

वर्तुळात पाणी द्यायला बंदी होती. तरी आत फुलं होती. म्हणजे कुणीतरी आत पाणी सोडलं होतं, आणि तेही भरपूर.

फुलं आज सकाळी उघडलेली, पाकळ्या कोऱ्या करकरीत. अठ्ठावीसातून नऊ गेले, एकोणीस. मी हातावरची तारीख पाहिली. एकोणीसला दुपारी दोन ते सहा ज्याच्या भीतीनं नर फिरकला नाही तो ससाणा नव्हता, माणूस होता. आणि दोन दिवसांच्या विषानं आंब्याच्या फांद्या एवढ्या मान टाकत नाहीत; विषही त्याच दिवशीचं.

आणि एकोणीसला बुधाजी कुठे होता, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती. अठरा ते वीस मार्च तालुक्यातले तीस शेतकरी मी दापोलीला कृषी विद्यापीठ दाखवायला नेले होते. बुधाजी बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर होता आणि सगळा घाटभर त्याला मळमळत होतं.

मला एवढा आनंद झाला की मी तिथेच टाळी वाजवली. बुधाजी सुटला!

आता पाणी आलं कुठून? वाल्मिकचा टँकर खालच्या रस्त्यावर. मी फितीच्या खालच्या कडेनं चालत गेले. खाली सगळ्या कळ्या मिटलेल्या. मग वरच्या कडेला गेले, आणि फितीबाहेर एकच झुडूप पांढरं झालेलं दिसलं. आजूबाजूची सगळी हिरवी. वीस फुटांवर आणखी एक. पुन्हा वीस फुटांवर एक.

मी पावलं मोजत चढू लागले. घाम डोळ्यांत जात होता. वीस-वीस फुटांवर एकेक फुललेलं झुडूप, सरळ वर. पाण्याची नळी! वीस फुटांचे तुकडे जोडलेली जुनी नळी, प्रत्येक जोडाशी गळणारी. चार तास पाणी वाहिलं असणार. जोडाखाली जे झुडूप आलं ते भिजलं, आणि नऊ दिवसांनी फुललं. नळी गुंडाळून नेणाऱ्यानं मागे वळून पाहिलं असेल तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

चौदा झुडपं झाली. चौदाव्यापाशी मळा संपला आणि वाडीचं पहिलं अंगण लागलं. झऱ्याच्या पाण्याची सिमेंटची टाकी होती. टाकीशेजारी काळ्या नळीचं वेटोळं, जोडाजोडाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधलेल्या.

अंगण एक, घरं दोन. एक बुधाजीचं आणि दुसरं नामाचं.

येसूबाई दारात उभी होती. माझ्याकडे बघून ती मटकन खाली बसली.

"म्हनलं व्हतं ना बाई, थांबू नका म्हनून."

मी पिशवीतून करार काढला. कलम सात. करारधारकानं, किंवा त्याच्या कुटुंबातल्या कुणी. मघाची ती टाळी मला आठवली. बुधाजीला सोडवायला निघालेल्या मी त्याच्याच घराभोवती फास आवळला होता.

५

तिथेच टाकीच्या कट्ट्यावर बसून मी करार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला. मग खाली येऊन गोदामाची कडी काढली. ऋषिकेश धावत आला, सुप्रिया आली, येसूबाई मागे उभी राहिली. नामा फितीपासून उठून आला, पण चार हात लांबच थांबला.

"बुधाजीदादा, मूठ उघडा."

त्यानं उघडली. मी गाठी मोजल्या. नऊ.

"फुलं पहाटेच बघितलीत ना तुम्ही?"

बुधाजीनं मान डोलावली. आता बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "परवा पानं मलूल दिसली म्हनून आत गेलो. डबा दिसला, उचलला, लपवला. कुनी केलं त्ये ठावं नव्हतं. आज फुलं उमलली, मंग मागं मोजत गेलो. नळीची वाट बी दिसली." त्यानं नामाकडे पाहिलं नाही. "जमीन काय, कसं बी जानारच व्हती. मंग म्हनलं, भाऊ तरी राहू दे."

ज्या एका माणसाला ती फुलं वाचता येत होती त्यानं ती सगळ्यांच्या आधी वाचली होती, आणि वाचूनच तो आपल्या पायांनी गोदामात गेला होता. मी खोटं बोलणार नाही, मला त्या क्षणी वाटलं की सही करून टाकावी आणि या भावांना त्यांच्या गुपितासकट सोडून द्यावं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती.

"ऋषिकेश, विष घालणाऱ्यानं पाणी का सोडलं असेल?"

"पुरावा धुवायला. उघड आहे."

"पुरावा धुणारा डबा बुंध्याशी टाकून जातो? भोकं उघडी ठेवतो? दोन मूठ माती लोटली असती तर कुणाला दिसली नसती. आणि पुरावा धुवायला दोन बादल्या पुरतात. इथे चार तास नळी चालली आहे. भरदिवसा, कुणी बघेल याची पर्वा न करता." मी नामाकडे वळले. "ज्याला झाड मारायचं होतं तो पाणी घालणार नाही. पाणी घालणाऱ्याला झाड वाचवायचं होतं. आणि दोघं एकच आहेत. खरं ना रं, नामा?"

मधमाश्यांचा आवाज इथवर येत होता.

"आतनं टकटक आली," नामा म्हणाला. "अर्धा डबा वतला, नि आतनं चोच वाजली वो ताई. ती आत हाय हे मला ठावं व्हतं. दोन वर्सं तिच्यावरच तर जळत व्हतो. पर ती खरीच आत बसलीय, जित्ती, हे त्या टकटकीनं कळलं. हातातनं डबा सुटला. पळत वर गेलो, नळी आनली. वाटलं, विष धुऊन निगंल. सांज झाली तरी पानी चालूच ठिवलं. ही फुलं त्याच पान्याची, हे ध्यानातबी आलं नाय." तो भावाकडे वळला. "दादा, तू आत बसलास नि मी भाईर. सकाळपास्नं श्वास लागंना मला."

बुधाजीनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

"संपलं तर मग," ऋषिकेशनं पेन पुढे केलं. "कुटुंबातली व्यक्ती. कलम सात लागू."

"लागू. आणि कलम अकरा?"

त्याचा चेहरा उतरला. मी दुमडलेलं पान उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. घरट्याच्या वर्तुळामुळे ज्याची झाडं बंद राहतील, त्याला संस्थेनं येत्या पावसाळ्याआधी दुसरीकडे तेवढीच रोपं लावून द्यायची. न दिल्यास त्या घराविरुद्ध कलम सात वापरता येणार नाही.

"नामाची साठ झाडं दोन वर्षं बंद आहेत. दुसरी साठ कुठे लावलीत?"

"ते... प्रक्रियेत आहे. माझ्या आधीच्या व्यवस्थापकानं..."

"तुम्हालाही आठ महिने झाले, साहेब. तुम्ही पक्ष्याभोवती फीत बांधलीत आणि आत माणूसही अडकलाय हे बघितलं नाहीत. करार आधी संस्थेनं मोडला. पंचनामा मी लिहिणार आहे, आणि जे दिसलं ते सगळं लिहिणार. नामानं विष घातलं, हे लिहीन. त्यानं चार तास पाणी ओतलं, हे लिहीन. कलम अकरा पाळलं नाही, हेही लिहीन. आणि एका निर्दोष माणसाला तापल्या पत्र्याखाली कडी लावून ठेवलं, तेसुद्धा."

ऋषिकेशनं खाली बसून तिथेच लिहून दिलं: करार बुधाजीच्या नावावर कायम, आणि ओढ्याकाठी साठ रोपं मेअखेर. साक्षीला मी सुप्रियाची सही घेतली. येसूबाईला मी ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर तिला रडू फुटलं.

आंब्याचं काय होईल, ते मला सांगता येईना. पाण्यानं विष निघतं की आणखी खोल जातं, याची खात्री कुणीच देणार नाही. पण अर्धं झाड हिरवं होतं. आणि वाळलेला आंबासुद्धा एक-दोन पावसाळे उभा राहतो. आतल्या मादीला तो फक्त जूनपर्यंत हवा होता. त्याला कुणी कुऱ्हाड लावायची नाही, हे मी पंचनाम्याच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं.

साडेतीन वाजले. ऋषिकेश फाटक उघडायला गेला.

"पळून जा म्हनलं तर जाशील काय रं?" बुधाजीनं भावाला हळूच विचारलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नामानं मान हलवली. "कुठं जाऊ? जिथं जाईन तिथं ती टकटक येनार." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, गाडी येईस्तवर मी हितंच बसतो."

तो गोदामात गेला. कुणी त्याला ढकललं नाही, कुणी कडी लावली नाही. त्यानंच आतून दार ओढून घेतलं.

बुधाजी बाहेर उभा राहिला. मोकळा झालेला माणूस घराकडे जाईल असं मला वाटलं होतं, येसूबाईनं हाकही मारली. पण तो गेला नाही. खिडकीशी गेला, गजांतून हात घालून आत ठेवलेली सकाळची भाकरी ओढून घेतली, तिचा तुकडा मोडला आणि पुन्हा गजांतून आत धरला.

"खा रं," तो म्हणाला. "सकाळपास्नं काय खाल्लं नसशील."

आतून हात पुढे आला. बुधाजीनं दुसरा तुकडा मोडला. पलीकडे सुप्रियानं आंब्याकडे बघत वहीत एक रेघ ओढली.